जहाज लागलं, आता कुठलं शहर?

क्रूझच्या वेळापत्रकात शहराचं नाव ठळक छापलेलं असतं आणि बंदराचं कंसात, बारीक अक्षरात. फ्लॉरेन्स (लिवोर्नो). रोम (चिवितावेक्किया). जहाज लागतं ते कंसातल्या गावी. ठळक नावाचं शहर तिथून सत्तर, ऐंशी, नव्वद किलोमीटर आत. तिथं जायचं का, गेलो तर दिवसाभरात काय बघायचं, की बंदराच्या गावातच रमायचं, हे जहाजवाले सांगत नाहीत. ते सहलींची यादी हातात देतात, निवड आपण करायची. केबिन कितव्या डेकवर घ्यावी, बाल्कनी हवी की नको, यावर लोक महिनोन् महिने खल करतात. माझ्या मते भूमध्य समुद्रातल्या क्रूझमध्ये खरं डोकं लावण्यासारखी गोष्ट ही एकच आहे: प्रत्येक बंदरावर मिळणारा तो एक दिवस कुणाला द्यायचा.

शहरं समुद्रापासून लांब का, हे आधी समजून घेतलं तर निवड सोपी होते. लिवोर्नोचंच घ्या. मध्ययुगात या किनाऱ्यावर सत्ता होती पिसाची. पिसा तेव्हा जेनोआ आणि व्हेनिसच्या बरोबरीचं दर्यावर्दी गणराज्य होतं. कलता मनोरा ज्या चौकात उभा आहे, तो पांढऱ्या संगमरवराचा सगळा पसारा समुद्रावरच्या कमाईतून उभा राहिला. १२८४ साली लिवोर्नोसमोरच्या मेलोरिया खडकांपाशी जेनोआच्या आरमारानं पिसाच्या आरमाराचा धुव्वा उडवला. राहिलेलं काम आर्नो नदीच्या गाळानं केलं. बंदर भरत गेलं, किनारा पुढं सरकत गेला. १४०६ साली फ्लॉरेन्सनं पिसा जिंकलं ते समुद्राच्या ओढीनं, पण हातात आलं ते बुजत चाललेलं बंदर. मग १४२१ साली त्यांनी जेनोआकडून लिवोर्नो चक्क विकत घेतलं, एक लाख सोन्याच्या फ्लोरिनला. तेव्हा ते तटबंदीतलं लहानसं गाव होतं. दीडशे वर्षांनी फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यानं बुओनतालेंती या वास्तुकाराकडून तिथं आखीव शहराचा नकाशा करून घेतला आणि फ्लॉरेन्सला स्वतःचं बंदर मिळालं.

म्हणजे आपली बस सकाळी ज्या नव्वद किलोमीटरांवरून धावते, ते अंतर कापायला फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यांना दोन शहरं घ्यावी लागली, एक जिंकून आणि एक मोजून. सकाळी लवकर डेकवर उभं राहिलं आणि हवा स्वच्छ असली, तर मेलोरियावरचा जुना मनोरा पाण्यात उभा दिसतो. बहुतेक लोक त्या वेळी न्याहारीच्या रांगेत असतात. मला वाटतं, टस्कनीची, म्हणजे या सगळ्या प्रांताची, सहल खरी तिथूनच सुरू होते.

आता हिशेब. जहाज सकाळी सातला लागतं आणि संध्याकाळी सातला सुटतं, असं छापलेलं असतं. ते बारा तास खरे नसतात. उतरायला परवानगी मिळून धक्क्यावर पाय ठेवेपर्यंत आठ वाजतात. सुटण्याआधी अर्धा-एक तास सगळ्यांनी परत चढलेलं असलं पाहिजे, आणि शहाणा माणूस त्याच्याही आधी तासभर येतो. लिवोर्नोचा धक्का मालवाहू बंदराच्या मधोमध आहे, तिथून चालत बाहेर पडता येत नाही. शटल बस गावात सोडते. उरले साधारण नऊ तास. फ्लॉरेन्सला जाऊन-येऊन तीन तास गेले. जेवण, स्वच्छतागृहं, रांगा, रस्ता चुकणं यांना दोन तास द्या. हातात राहिले चार. चार तासांत फ्लॉरेन्स बघून होत नाही. फ्लॉरेन्समधली एखादी गोष्ट मात्र पोटभर बघून होते, आणि फार तर दुसरी एक येता-जाता.

जहाजाच्या सहलीनं गेलात आणि बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः गेलात तर थांबत नाही. एवढा एकच फरक ध्यानात ठेवायचा; बाकी स्वतः जाण्यात नुकसान काही नाही. आणि आपलं जहाज कुठल्या वारी लागतंय ते तिकीट काढण्याआधी बघायचं. फ्लॉरेन्सचं उफिझी कलादालन सोमवारी बंद असतं, नेपल्सचं पुराणवस्तू संग्रहालय मंगळवारी, आणि व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकीच्या रविवारी.

आमच्या घरात लिवोर्नोवरून जुंपली. ताईला पिसा हवं होतं. "शाळेच्या पुस्तकात त्याचं चित्र बघत मोठी झाले मी, समोर जाऊन उभं राहायचंय." भावोजी स्थापत्य अभियंता, त्यांना त्या मनोऱ्याचा पाया खुणावत होता. मला फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरचा, ब्रुनेलेस्कीनं बांधलेला घुमट बघायचा होता. आई इतका वेळ ऐकत बसली होती. मग म्हणाली, "मला राजाराम महाराजांची छत्री बघायची आहे. बाकी तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा."

"आई, अहो ती गावाच्या टोकाला आहे," भावोजी म्हणाले. "तिथं जाण्यात निम्मा दिवस जाईल तुमचा."

"जाऊ दे की. कोल्हापूरचं माणूस फ्लॉरेन्सला जाऊन महाराजांना न भेटता येतंय होय?"

आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात लहानपणापासून सांगितली जाते. बाहेर ती फारशी ठाऊक नाही. करवीरचे दुसरे राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. राणी व्हिक्टोरियाला भेटले, इंग्लंड हिंडले, रोजनिशी लिहीत राहिले; ती पुढं १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स त्या वेळी नव्या इटलीची राजधानी होती. ख्रिस्ती शहरात उघड्यावर दहनाची रीत नव्हती, त्यासाठी खास परवानगी मिळवावी लागली. हिंदू रीतीप्रमाणे दोन नद्यांचा संगम शोधला गेला. आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी जिथं मिळते, त्या काश्चिने बागेच्या पश्चिम टोकाला रात्री चिता रचली गेली. १८७४ साली त्याच जागी छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक, उभं राहिलं. शेजारी १९७८ साली झालेल्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही 'इंडियानो', म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात.

नकाशा उघडला आणि आमचं भांडण एका मिनिटात मिटलं. लिवोर्नोहून येणारा मोठा रस्ता फ्लॉरेन्समध्ये शिरतो तो नैऋत्येकडून, आणि इंडियानो पूल शहराच्या त्याच बाजूला आहे. छत्री आडवाटेला होती ती शहराच्या मध्यातून बघणाऱ्याला. बंदरावरून येणाऱ्याला ती वाटेवरच. मी आणि आई फ्लॉरेन्सला जायचं, ताई आणि भावोजींनी आगगाडीनं पिसाला जायचं. एका घरातल्या सगळ्यांनी एकाच बसमध्ये बसलं पाहिजे असा काही नियम नाही. क्रूझवर तर रात्री सगळे एकाच टेबलावर जेवायला असतातच.

आम्ही गाडी ठरवली होती. चालकानं पूल ओलांडून झाडांच्या रस्त्यापाशी सोडलं आणि मोकळ्या गवताच्या पलीकडं ती दिसली. चार बाजूंनी खांब, वर घुमट, कोपऱ्यांवर नक्षी. पंचगंगेच्या घाटावरून उचलून आणून ठेवावी तशी. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा यांनीच रेखाटला, त्यामुळे त्या कमानी आमच्या ओळखीच्याच होत्या. आतला अर्धपुतळा फ्लॉरेन्समध्ये राहणारे इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर यांचा. संगमरवर तसाच पांढरा सोडलेला नाही, रंगवलेला आहे. सावळा चेहरा, डोक्याला पागोटं, गळ्यात अलंकार. इटलीभर पांढरेशुभ्र पुतळे बघायची तयारी करून गेलेल्या माणसाला तो रंग एकदम थांबवतो. मिशी नुकती कुठं फुटलेली असावी असं ते वय. चौथऱ्याच्या बाजूंवर वेगवेगळ्या भाषांतले लेख कोरलेले आहेत, नाव, वय आणि मृत्यूची तारीख सांगणारे.

आईनं कुंपणाच्या अलीकडं चपला काढल्या. हात जोडले. बराच वेळ तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "पोरगं होतं गं."

माझ्याजवळ त्यांच्याविषयी जमवलेली सगळी माहिती होती, तारखा होत्या. वीस हा आकडा मी कितीदा वाचला असेन. तो आकडा म्हणजे कॉलेजात जाणारा मुलगा, हे मला आईच्या त्या तीन शब्दांनी कळलं. बाजूला बाक होते. आम्ही तिथं तासभर बसलो. सायकलवाले गेले, कुत्र्यांना फिरवणारे गेले, एका बाईंनी आईच्या नऊवारीकडं बघून पुतळ्याकडं बोट दाखवलं आणि मान झुकवली. घुमटासाठी हाताशी उरलेला वेळ कमी होत होता, याची मला जराही हळहळ वाटली नाही. बंदरावरचा दिवस असाच खर्च करावा, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं. जिथं बसून राहावंसं वाटतं तिथं बसून राहायला वेळ असला पाहिजे. यादीत चार ठिकाणं असली की तो नसतो.

घुमट तरीही बघितला. आत जायची रांग आम्ही धरली नाही, चारशे त्रेसष्ट पायऱ्या चढायचा तर प्रश्नच नव्हता. कॅथेड्रलच्या दक्षिणेला भिंतीतल्या कोनाड्यात ब्रुनेलेस्कीचा बसलेला पुतळा आहे. मांडीवर आराखडा, मान वर, नजर थेट स्वतः बांधलेल्या घुमटावर. त्याच्या पायाशी उभं राहिलं की आपली नजर आपोआप तिकडं जाते. १४२० ते १४३६ अशी सोळा वर्षं काम चाललं. एवढ्या रुंदीच्या कमानीला खालून लाकडी आधार द्यायचा तर जंगल तोडावं लागलं असतं. ब्रुनेलेस्कीनं आधाराशिवायच बांधकाम वर नेलं. विटा आडव्या-उभ्या अशा गुंफल्या की चुना ओला असतानाही त्या घसरू नयेत, आणि प्रत्येक थर पुरा झाला की तोच पुढच्या थराला पेलून धरील. चाळीस लाखांहून जास्त विटा आहेत त्यात. उफिझी राहिलं, डेव्हिडचा पुतळा राहिला, मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ जिथं पुरले आहेत ते सांता क्रोचे राहिलं. त्यांच्यासाठी फ्लॉरेन्सला विमानानं यायचं आणि मुक्काम करायचा. त्यांना जहाजाचा दिवस पुरत नाही, आणि घाईघाईनं बघितलं तर त्यांच्यावरही अन्याय होतो.

रात्री जेवताना ताई-भावोजींची हकिगत ऐकली. पिसाच्या मुख्य स्टेशनवर न उतरता सान रोस्सोरे या छोट्या स्टेशनवर उतरलं की मनोरा पाच-सात मिनिटांच्या अंतरावर येतो, हे भावोजींनी आधीच शोधून ठेवलं होतं. मनोऱ्याचं काम ११७३ साली सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्याच्या आसपास असतानाच तो खचू लागला. मध्ये युद्धांमुळं काम दशकानुदशकं थांबलं, तेवढ्यात खालची माती आवळून बसली. न थांबता बांधला असता तर तो तेव्हाच आडवा झाला असता. १९९० साली तो लोकांसाठी बंद केला. कललेल्या बाजूला टेकू द्यायचा सोडून अभियंत्यांनी उलट्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूची माती पायाखालून थोडी थोडी काढली आणि मनोरा स्वतःच्या वजनानं अर्ध्या अंशानं मागं आला. २००१ च्या डिसेंबरात तो पुन्हा उघडला. भावोजी हे सांगताना दोन्ही हातांनी ग्लास धरून दाखवत होते आणि शेजारच्या टेबलावरचे लोकही वळून ऐकत होते.

ताई मात्र पिसाविषयी दोन वाक्यं बोलून लुक्काकडं वळली. त्याच गाडीनं पुढं अर्ध्या तासावर लुक्का. आमच्या कुणाच्याच मनात नव्हतं, वाटेवर आहे म्हणून ते उतरले होते. गावाभोवती चार किलोमीटरांहून लांब तट अखंड उभा आहे, इतका रुंद की त्याच्यावर झाडांच्या दोन्हीकडच्या रांगांमधून लोक फिरायला जातात, मुलं सायकली चालवतात. आत एक चौक लंबगोल आहे, कारण तिथली घरं रोमन रंगमंडलाच्या पायावर, त्याच्याच भिंती धरून बांधलेली आहेत. एका जुन्या मनोऱ्याच्या माथ्यावर ओकची झाडं वाढली आहेत. लुक्का शतकानुशतकं फ्लॉरेन्सपासून वेगळं, आपलं गणराज्य सांभाळून राहिलं, आणि त्या तटावरून चालताना ते जाणवतं असं ताईचं म्हणणं. ऐतिहासिक शहर एका दिवसात अख्खं बघितल्याचं समाधान हवं असेल, तर टस्कनीच्या त्या किनाऱ्यावर माझं मत आता लुक्काला. तिथं सगळंच चालत जाण्याजोगं आहे आणि काही राहून गेलं असं वाटत नाही.

आणि ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना नव्वद किलोमीटर बसमध्ये बसायचं नाही, त्यांनी लिवोर्नोतच थांबावं. जहाजाच्या यादीत त्याची सहल सहसा नसते, म्हणून त्यात बघण्यासारखं काही नाही असं लोक धरून चालतात. फ्लॉरेन्सहून परतल्यावर आमच्याकडं थोडा वेळ होता. बंदरासमोरच टस्कनीचा ग्रँड ड्यूक फर्दिनांदो पहिला याचा पुतळा आहे, आणि त्याच्या पायाशी साखळदंडांनी जखडलेले चार गुलाम, पिएत्रो ताक्काचं काम. कांस्याच्या अंगांवरचा तो ताण बघवत नाही. याच फर्दिनांदोनं १५९१ आणि १५९३ साली जाहीरनामे काढून ज्यू, ग्रीक, आर्मेनियन, तुर्क, सगळ्या व्यापाऱ्यांना लिवोर्नोत वस्तीला बोलावलं. युरोपभर ज्यूंना वेगळ्या कोंडवाड्यांत ठेवलं जात होतं त्या काळात इथं त्यांच्यासाठी तसा मोहल्ला नव्हता. गुलामांचा बाजार आणि धर्माचं स्वातंत्र्य, दोन्ही एकाच बंदरावर, एकाच राजाच्या हुकमानं. मागं 'व्हेनेत्सिया' नावाची कालव्यांची वस्ती आहे. पाण्याच्या पातळीला वखारींची दारं, वर व्यापाऱ्यांची घरं.

अठराव्या शतकात लिवोर्नोचे ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातली पोवळी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि तिथल्या हिंदू व्यापाऱ्यांकडून हिरे मागवत. ज्यू, कॅथलिक आणि गौड सारस्वत एकमेकांना कधीही न भेटता, पत्रांच्या भरवशावर हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या करत होते. हे मी सांगत असताना आईनं आपल्या बोटातली पोवळ्याची अंगठी फिरवून बघितली. ती तिच्या आजीची. कुठून आली होती ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

चिवितावेक्कियाविषयी थोडक्यात. तेही रोमन सम्राट ट्राजाननं बांधवलेलं जुनं बंदर आहे, आगगाडीनं रोमला तासभर लागतो. बहुतेक सहली 'एका दिवसात रोम' दाखवतात, म्हणजे खिडकीतून कोलोसियम. त्यापेक्षा सान पिएत्रो स्टेशनवर उतरून सेंट पीटर्सला चालत जावं, किंवा फक्त पॅन्थिऑन हे प्राचीन देवालय बघून त्याच्यासमोरच्या चौकात बसावं. आम्ही दुसरं केलं. जवळजवळ एकोणीसशे वर्षं जुन्या घुमटाच्या मधल्या भोकातून येणारा उजेड भिंतीवरून सरकताना बघितला आणि त्या दिवसाला तेवढं पुरलं.

नेपल्सची गोष्ट उलटी आहे. तिथं जहाज शहराच्या थेट दारात लागतं, समोरच कास्तेल नुओव्हो किल्ला. धक्क्याजवळच्या मुनिचिपिओ चौकात मेट्रोचं खोदकाम करताना रोमन काळातल्या होड्या सापडल्या, कारण दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदरही त्याच जागी होतं. गाळ आणि नव्वद किलोमीटर यांची भानगड इथं नाही. आणि नेमकं याच ठिकाणी जहाजावरचे लोक शहराकडं पाठ फिरवून काप्रीला, आमाल्फीला, पाँपेईला जातात. पाँपेई मोठं आहे, सावली कमी, दगडी रस्ते खडबडीत. भर उन्हाळ्यात वयस्कर माणसाला तिथं नेणं मला मान्य नाही. राखेतलं गाव बघायचंच असेल तर एर्कोलानो जवळ आहे आणि लहान आहे. तिथं घरांचे वरचे मजले आणि जळून कोळसा झालेली लाकडी दारं अजून जागच्या जागी आहेत.

आम्ही नेपल्समध्येच राहिलो. मुनिचिपिओहून मेट्रोनं तिसऱ्या स्टेशनवर 'म्युझिओ'. पाँपेईत जे जे सुंदर आणि नाजूक सापडलं ते बहुतेक इथं आणून ठेवलं आहे. आम्हाला त्यातली एकच वस्तू बघायची होती. ती 'गुप्त कक्ष' नावाच्या दालनात असते, शृंगारिक वस्तूंसाठी राखून ठेवलेल्या. काचेआड एक वीतभर उंचीची हस्तिदंताची बाई उभी आहे. पायात पोटरीपर्यंत वाळे, हातभर बांगड्या, कमरेला मेखला, अंगावर बाकी काही नाही. दोन बाजूंना तिच्या मांडीएवढ्या उंचीच्या दोन दासी. मागच्या बाजूनं बघितलं तर पाठीवर जाड वेणी. डोक्यातून खाली आरपार भोक आहे, म्हणजे ती कशाची तरी मूठ किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावी. हस्तिदंत म्हाताऱ्या माणसाच्या नखासारखं पिवळं पडलंय.

१९३८ साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना ती पाँपेईतल्या एका घरात सापडली. त्यांनी तिला लक्ष्मी म्हटलं, आज अभ्यासक यक्षी म्हणणं पसंत करतात. व्हेसुव्हियस ज्वालामुखी इ. स. ७९ मध्ये फुटला, तेव्हा ती त्याआधी कधीतरी समुद्र ओलांडून गेली हे नक्की. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवच्या तेरला अशाच घडणीच्या मूर्ती सापडल्या आहेत, त्यामुळं ती सातवाहनांच्या मुलखात, आपल्या मराठवाड्यात कोरली गेली असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. आणि त्याच काळात उलट दिशेनं काय आलं ते कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात बघायला मिळतं: पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला, ग्रीक-रोमन समुद्रदेवाचा, पोसायडनचा कांस्य पुतळा. आई शाळेच्या सहलीत तो बघून आली होती. भोकरदनच्या बाईसमोर उभी राहून तिनं मला त्याचं वर्णन करून सांगितलं, हात कसा वर उचललेला आहे ते स्वतःचा हात उचलून दाखवलं. तिथल्या रखवालदारानं आमच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. बाहेर पडून गल्लीत मार्गारिटा पिझ्झा खाल्ला, कुरकुरीत पापुद्र्यांची स्फोल्याटेला खाल्ली, आणि चालत जहाजावर गेलो. मला विचाराल तर त्या क्रूझमधला तो सगळ्यात चांगला दिवस.

आपलं काहीतरी सापडेल तिथंच जावं, असं माझं म्हणणं नाही. पण शहरात उतरण्याआधी तिथल्या एका गोष्टीवर जीव जडलेला असावा. मग ती छत्री असो, मनोऱ्याचा पाया असो, की तटावरची झाडं. तो जडला नसेल तर आपण नुसते जाहिरातीच्या मागं जातो, आणि मग सगळी माणसं त्याच चार गल्ल्यांत. व्हेनिसला हे इतकं सोसेना झालं की २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या जहाजांना ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी आली. आता काही जहाजं 'व्हेनिस' म्हणून रावेन्नाला लागतात आणि प्रवाशांना बसमध्ये घालून दीडशे किलोमीटरवर व्हेनिसला नेतात. रावेन्ना हे पश्चिम रोमन साम्राज्याच्या अखेरच्या काळातल्या राजधानीचं शहर. सहाव्या शतकातलं सान व्हिताले चर्च, गाल्ला प्लाचिदिया या रोमन सम्राज्ञीच्या समाधीतलं गर्द निळं, सोनेरी ताऱ्यांचं छत, कवी दांतेची कबर, सगळं बंदरापासून अर्ध्या तासाच्या आत. ते सोडून पाच तास बसमध्ये घालवणाऱ्यांना कुणीतरी हे वेळेवर सांगायला हवं, म्हणून मी इथं सांगते आहे.

सध्या घरात झेब्रुगऽ या बंदरावरून चर्चा सुरू आहे. उत्तरेकडची क्रूझ ठरते आहे आणि बेल्जियमसाठी एकच दिवस आहे. ताईचं मत ब्रुजला. बंदरापासून पंधरा-एक किलोमीटर, कालवे, घंटाघर, झ्विनची खाडी गाळानं भरली म्हणून जसंच्या तसं थांबून राहिलेलं व्यापारी शहर. माझं मत त्याच गाडीनं पुढं अर्ध्या तासावरच्या गेंटला, सेंट बाव्हो कॅथेड्रलमधल्या व्हॅन आयक बंधूंच्या वेदीचित्रासाठी. १४३२ साली पुरं झालेलं, फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी फोडून नेलेलं, नाझींनी ऑस्ट्रियातल्या मिठाच्या खाणीत लपवलेलं. त्यातली एक फळी १९३४ साली चोरीला गेली ती अजून सापडलेली नाही. आईनं दोन्हीकडचे फोटो बघून एवढंच विचारलं, की चित्रासमोर बसायला जागा आहे का. भावोजी गेंटच्या बाजूला आलेत. ताईचं अजून ठरत नाही.